बसतं ते चालतंच असं नाही

मंडळी, माझ्या हातात दोन केबली आहेत. दोन्ही काळ्या, दोन्ही एक मीटरच्या, दोन्हींच्या टोकांना तोच लंबगोल यूएसबी-सी प्लग. मागच्या रांगेतल्यांनी डोळे ताणू नयेत, पहिल्या रांगेतूनही फरक दिसत नाही. मलाही दिसत नाही, म्हणून एकीला दोरा बांधून ठेवलाय. दोरावाली लॅपटॉपचं चित्र मॉनिटरवर नेते. दुसरी लावली की मॉनिटर 'सिग्नल नाही' म्हणतो आणि झोपी जातो.

यूएसबी-सी हे प्लगच्या आकाराचं नाव आहे. आत काय जोडलंय, ते या नावावरून कळत नाही. हा आकार २०१४ साली आला. त्यात २४ पिना आहेत आणि वेगवान वाहतुकीसाठी तारांच्या चार जोड्यांची सोय आहे. चित्र जातं ते या जोड्यांवरून. चार्जरबरोबर येणाऱ्या पुष्कळ केबलींमध्ये त्या जोड्याच घातलेल्या नसतात. वीज जाते आणि सोबत यूएसबी २.० ची ४८० मेगाबिटची पायवाट असते, बस्स. रस्ताच नाही, तर चित्र जाणार कुठून?

बरं, केबल चांगली आहे असं धरू. तरी लॅपटॉपच्या त्या पोर्टातून चित्र बाहेर पडायला हवं. या सोयीला 'डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड' म्हणतात. डिस्प्लेपोर्ट म्हणजे मॉनिटरकडे चित्र पाठवायची एक पद्धत. पोर्टाशेजारी डिस्प्लेपोर्टचं किंवा थंडरबोल्ट नावाच्या वेगवान जोडणीचं, विजेचं चिन्ह असेल तर बहुतेक काम होतं. चिन्ह नसेल तर अंदाज बांधू नका, मॉडेलचा पूर्ण नंबर घेऊन कंपनीचं माहितीपत्रक उघडा. शेजारी शेजारी दोन सी पोर्ट, एकातून चित्र येतं आणि दुसऱ्यातून येत नाही, असे लॅपटॉपही आहेत.

आता थोडं गणित. नुसता गुणाकार आहे. ४के पडद्यावर ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४०० ठिपके. एका ठिपक्याच्या रंगाला २४ बिट, आणि सेकंदाला ६० चित्रं. हिशेब जातो सेकंदाला सुमारे १२ गिगाबिटवर. हे सामान समजा. आता गाडी पाहू. तुम्ही एक हब घेता, म्हणजे एका पोर्टाचे अनेक करणारी डबी. त्यात एचडीएमआय आहे आणि वेगवान यूएसबीही आहे. हब काय करतो, त्या चार जोड्यांतल्या दोन यूएसबीला देतो आणि दोन चित्राला. लॅपटॉप किंवा हब डिस्प्लेपोर्ट १.२ च्या पिढीतला असेल, तर दोन जोड्यांवरून चित्राच्या वाट्याला ८.६४ गिगाबिट येतात. बाराचं सामान त्यात मावत नाही. मग यंत्र गुपचूप साठाचं तीस करतं. चित्र दिसतं, पण माऊसचा बाण चिखलातून चालल्यासारखा सरकतो. लोक म्हणतात हब बिघडलाय. हब अगदी ठणठणीत असतो!

दोन्ही बाजू डिस्प्लेपोर्ट १.४ च्या असतील तर त्याच दोन जोड्यांवर जवळजवळ १३ गिगाबिट मिळतात आणि साठ कसंबसं बसतं. नाहीतर हबच्या नादी न लागता सी पोर्टातून थेट मॉनिटरकडे जाणारी केबल घ्यावी. ती चारही जोड्या चित्राला देते. म्हणून खोक्यावरचं '४के' वाचून थांबू नका, त्यापुढे ३० लिहिलंय की ६०, ते पाहा. एचडीएमआयचंही तसंच. २००९ सालच्या १.४ मध्ये ४के आहे, पण तिसापर्यंतच. साठ आले २०१३ च्या २.० मध्ये. तुमचा मॉनिटर साधा फुल एचडी असेल तर ठिपके एक चतुर्थांश होतात. मग गेली पाच मिनिटं मी जे बोललो ते विसरून जा.

अडॅप्टरबद्दल एवढंच सांगतो की त्यांना दिशा असते. डिस्प्लेपोर्टातून एचडीएमआयकडे जाणारा अडॅप्टर उलटा वापरता येत नाही. तिकडून इकडे यायचं तर आत चिप असलेला, वीज लागणारा वेगळा अडॅप्टर लागतो. आणि जुन्या प्रोजेक्टरचं निळं पंधरा पिनांचं व्हीजीए १९८७ सालचं आहे, अॅनालॉग. तिथेही मध्ये दुभाष्या हवाच.

आणखी एक वाट आहे, डिस्प्लेलिंक. पोर्टातून चित्र निघतच नसेल, तर लॅपटॉपमधला एक प्रोग्राम पडद्यावरचं चित्र टिपतो, दाबून लहान करतो आणि साध्या यूएसबीवरून पाठवतो. कागदपत्रं आणि तक्ते यांच्यासाठी उत्तम, खेळांसाठी नको. मॅकवर हा प्रोग्राम 'स्क्रीन रेकॉर्डिंग'ची परवानगी मागतो आणि लोक घाबरतात. घाबरायला हवंच! कोणत्याही प्रोग्रामने असं विचारल्यावर दचकणं हे निरोगीपणाचं लक्षण आहे. फक्त इथे ती परवानगी खरोखर लागते, पडदा टिपल्याशिवाय तो पाठवणार काय? प्रोग्राम मूळ कंपनीकडूनच उतरवलाय ना, तेवढं पाहा.

तर आपण सुरक्षेवर आलोच. इथेही तीच गंमत, वस्तू खाचेत बसते म्हणून आपण निश्चिंत होतो. लॅपटॉपच्या कडेला कुलपाची खाच असते. जुन्या प्रकारची साधारण ३ बाय ७ मिलिमीटर, पातळ यंत्रांत त्याहून लहान, आणि कित्येकांत नसतेच. कुलूप घेण्याआधी खाच मोजा. मग तारेचं दुसरं टोक कशाला बांधणार ते ठरवा. टेबलाच्या पायाला अडकवलेली तार टेबल उचललं की सुटते, हे चोराला आपल्याआधी सुचतं. नळीदार किल्लीची कुलपं २००४ साली बदनाम झाली. काही सायकलींची तसली कुलपं बॉलपेनच्या नळीने उघडतात, हे तेव्हा जगाने पाहिलं. तरी मी कुलूप वापरतो. चहा आणायला उठल्यावर कोणी सहज उचलून नेऊ नये, एवढंच त्याच्याकडून मागतो.

पडद्यावर लावायच्या प्रायव्हसी फिल्टरमध्ये उभ्या, अतिबारीक पट्ट्या असतात, खिडकीच्या पडद्यासारख्या. बाजूच्याला अंधार दिसतो, बरोबर मागे उभ्या असलेल्याला सगळं दिसतं. आणि लॅपटॉपवर फिल्टर लावून तेच चित्र २७ इंची उघड्या मॉनिटरवर दाखवणारे सज्जन मी पाहिलेत. कॅमेऱ्यावरच्या पट्टीबद्दल लोक हसायचे. २०१६ साली फेसबुकवाल्या मार्क झुकरबर्गच्या फोटोत मागच्या लॅपटॉपवर तशी पट्टी दिसली आणि हसणं थांबलं. फक्त जाड प्लास्टिकचं झाकण नको, लॅपटॉप मिटताना पडद्यावर दाब येतो. तसा इशारा अॅपलने २०२० मध्ये दिला होता. कागदाचा तुकडा पुरतो.

पैसे घालायचेच असतील तर ते यूएसबी सुरक्षा किल्लीवर घाला, म्हणजे लॉगिन करताना ओळख पटवणाऱ्या छोट्या वस्तूवर. पासवर्ड आपण खोट्या पानावरही भोळेपणाने टाइप करतो. ही किल्ली तसं करत नाही. नोंदणीच्या वेळी वेबसाइटचा जो पत्ता होता, तोच पत्ता ब्राउझरने कळवला तरच ती सही करते, म्हणजे आत सोडते. एका अक्षराचा फरक असला तरी ती गप्प. माणसाची नजर फसते, तिला नजरच नाही. मात्र दोन घ्या आणि दोन्ही नोंदवा, कारण एक हरवणार आहे.

एकाने चिठ्ठी पाठवलीय, 'यातली एकच गोष्ट घ्यायची तर कोणती?' कोणतीच नको. आधी डिस्कचं एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय आतलं वाचता येऊ नये अशी सोय, चालू आहे का ते बघा. विंडोजमध्ये बिटलॉकर, काही आवृत्त्यांत त्याला 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' म्हणतात, मॅकवर फाइलव्हॉल्ट. यंत्र चोरीला गेलं तर यंत्रच जावं, आतलं कोणाला वाचता येऊ नये. आणि यंत्र नजरेआड करताना नुसतं झोपवू नका, बंद करा. झोपलेल्या यंत्रात एन्क्रिप्शनची किल्ली मेमरीत जागी असते. २००८ साली प्रिन्स्टनच्या संशोधकांनी मेमरीच्या चिपा थंड करून वीज गेल्यावरही ती किल्ली मिळवून दाखवली. २०२० मध्ये आइंडहोवनच्या एका संशोधकाने स्क्रू-ड्रायव्हर आणि काही मिनिटं एवढ्यावर, थंडरबोल्टच्या वाटेने, झोपलेल्या लॅपटॉपचा लॉगिन ओलांडला. ज्या पोर्टाला आपण मघाशी चित्रासाठी नावाजलं, तेच पोर्ट.

एन्क्रिप्शन चालू करताना एक लांबलचक रिकव्हरी की मिळते, आपणच बाहेर अडकलो तर आत जायला. ती कागदावर छापून घ्या, आणि तो कागद लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका. हसू नका, मी दोन वर्षं तिथेच ठेवला होता.