पहिल्या अपघातानंतरचे 132 दिवस

नमस्कार श्रोतेहो.

29 ऑक्टोबर 2018 च्या सकाळी जकार्ताहून निघालेलं लायन एअरचं विमान बारा-तेरा मिनिटांत जावा समुद्रात कोसळलं. 189 माणसं गेली. कॅप्टन आपल्या दिल्लीचा होता, अवघ्या एकतीस वर्षांचा. विमान बोइंग 737 मॅक्स 8, ताब्यात येऊन तीन महिनेही झाले नव्हते. पुढे 10 मार्च 2019 ला अदिस अबाबाहून नैरोबीला निघालेलं इथिओपियन एअरलाइन्सचं विमान सहा मिनिटांत बिशोफ्तूजवळच्या शेतात घुसलं. त्यात 157 माणसं होती, पस्तीस देशांची, चार आपल्या देशाची. तेही मॅक्स 8 च होतं, चार महिन्यांपूर्वी घेतलेलं.

या दोन तारखांमध्ये 132 दिवस आहेत. ते सगळे दिवस जगभर मॅक्स विमानं उडत होती, आपल्याकडेही. मला आज त्या दिवसांबद्दलच बोलायचं आहे.

आधी थोडं यंत्राबद्दल. मॅक्सची इंजिनं जुन्या 737 पेक्षा मोठी. ती पंखाखाली मावावीत म्हणून जरा पुढे आणि वर बसवली. त्यामुळे काही विशिष्ट परिस्थितीत विमानाचं नाक वर उचललं जायचं. यावर उपाय म्हणून ‘एमकॅस’ नावाचं सॉफ्टवेअर घातलं. ते शेपटीचा आडवा पंख आपोआप फिरवून नाक खाली दाबायचं. आणि नाक किती वर आहे हे त्याला कोण सांगणार, तर एकच सेन्सर. विमानाला असे सेन्सर दोन असतात, पण एमकॅस एका वेळी एकाचंच ऐकायचं. तो एक बिघडला की सरळ उडणारं विमानही त्याला नाक वर करून उडतंय असं वाटणार, आणि ते नाक दाबणार. वैमानिकाने वर ओढलं की थोड्या वेळाने पुन्हा दाबणार. जकार्ताच्या त्या कॅप्टनने वीसहून जास्त वेळा नाक वर आणलं. सहवैमानिक पुस्तिकेत उपाय शोधत होता, आणि शेवटी कॅप्टनने सूत्रं त्याच्या हाती दिली. पुस्तिकेत एमकॅसबद्दल काहीच लिहिलेलं नव्हतं.

हेच विमान आदल्या रात्री बालीहून जकार्ताला आलं, तेव्हाही हेच घडलं होतं. त्या रात्री कॉकपिटमध्ये एक तिसरा वैमानिक बसला होता. शेपटीच्या त्या पंखाला वीज देणारे स्विच बंद झाले आणि सगळे सुखरूप उतरले. पण नोंदवहीत अर्धीच हकिकत लिहिली गेली, आणि सकाळी विमान पुन्हा निघालं.

आता विचार करा, नोव्हेंबर 2018 च्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत काय काय ठाऊक झालं होतं. सेन्सरची चुकीची माहिती, आपोआप दाबलं जाणारं नाक आणि वैमानिकांना न सांगितलेलं सॉफ्टवेअर, एवढं सगळं पुढे आलं होतं. बोइंगने परिपत्रक काढलं, अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेने, एफएएने, 7 नोव्हेंबरला तातडीचा आदेश काढला. त्या आदेशाचा अर्थ एवढाच की असं झालं तर स्विच बंद करा. विमान थांबवा, असं कुणी म्हटलं नाही.

डिसेंबरात एफएएच्याच तज्ज्ञांनी हिशेब मांडला. दुरुस्ती केली नाही, तर या विमानांच्या एकूण आयुष्यात असे पंधरा जीवघेणे अपघात होऊ शकतात. हा कागद जगासमोर आला वर्षभराने, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे. पंधरा हा आकडा लिहिणाऱ्याचा हात कसा थांबला नाही, हे मला आजही समजत नाही.

इथिओपियाच्या वैमानिकांनी तो आदेश पाळला होता, हे मुद्दाम सांगतो. त्यांनी स्विच बंद केले. पण वेग इतका वाढला होता की शेपटीचा पंख हाताने फिरवायचं चाक त्यांना फिरेना. नाइलाजाने त्यांनी वीज पुन्हा जोडली, आणि एमकॅसने पुन्हा नाक दाबलं.

मग धावपळ झाली. 11 मार्चला चीनने मॅक्स थांबवलं, त्याच दिवशी इंडोनेशियाने. 12 ला सिंगापूर, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि युरोप. 12 च्याच रात्री आपल्या विमान नियामक संस्थेने, डीजीसीएने, तोच निर्णय घेतला. अमेरिका त्या दिवशीही म्हणत होती की उड्डाणबंदीला आधार दिसत नाही. 13 तारखेला कॅनडाने उपग्रहावरून मिळालेला मार्ग दाखवला, दोन्ही विमानं सारखीच वरखाली झाली होती. त्यानंतर अमेरिकेनेही ऐकलं.

‘आधार दिसत नाही.’ कोर्टात हे वाक्य योग्य आहे. गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष. पण विमान आरोपी नाही. संशयाचा फायदा द्यायचाच असेल, तर तो तिकीट काढून आत बसलेल्या माणसाला द्यायला हवा.

यावर लोक बंगळुरूचं उदाहरण देतात, आणि ते उदाहरण खरंच विचार करायला लावणारं आहे. 14 फेब्रुवारी 1990 ला मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-320 विमान बंगळुरूच्या धावपट्टीअलीकडे गोल्फच्या मैदानात आपटलं. 146 पैकी 92 जण गेले. विमान अगदी नवं, संगणकावर चालणारं. सरकारने या जातीची आपली सगळी विमानं जमिनीवर ठेवली. बाकीच्या देशांत ती उडत राहिली. चौकशीत बोट वैमानिकांकडे गेलं. मग महिनोन्‌महिने महागडी विमानं उभी ठेवून काय मिळवलं, असं विचारतात.

मला तो निर्णय चुकला असं वाटत नाही. बंगळुरूत विमान अशा मोडमध्ये, म्हणजे स्वयंचलित नियंत्रणाच्या अशा पद्धतीत होतं की इंजिनं मंद राहून ते खाली उतरत गेलं, आणि हे वैमानिकांच्या वेळेवर लक्षात आलं नाही. दोन वर्षांनी, जानेवारी 1992 मध्ये, फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गजवळ आणखी एक ए-320 डोंगरावर आदळलं, 87 जण गेले. तिथे तपास करणाऱ्यांना सर्वांत संभवनीय वाटलं ते असं: वैमानिकाला 3.3 अंशांचा उतार हवा होता, पण यंत्राने मिनिटाला 3,300 फूट असं समजून घेतलं. इथेही पुन्हा मोडचाच घोळ. वैमानिक चुकला म्हटलं की यंत्राची चौकशी थांबवायची, ही सवय घातक आहे.

पण नुसती उड्डाणबंदी केली की काम झालं, असंही नाही. कॉमेटची गोष्ट ऐका. जगातलं पहिलं प्रवासी जेट, ब्रिटिशांचं. 2 मे 1953 ला कलकत्त्याहून उडाल्यावर वादळात एक कॉमेट मोडून पडलं, 43 जण गेले. वादळामुळे झालं म्हणून विषय मागे पडला. 10 जानेवारी 1954 ला दुसरं इटलीतल्या एल्बा बेटाजवळ समुद्रात पडलं. ती चालवणाऱ्या विमान कंपनीने विमानं स्वतःहून थांबवली. समुद्रातून तुकडे काढायचं काम चालूच होतं, कारण कळलेलं नव्हतं. तरी आगीचा अंदाज धरून बऱ्याच सुधारणा केल्या आणि 23 मार्चला विमानं पुन्हा सुरू झाली. सोळा दिवसांनी, 8 एप्रिलला, नेपल्सजवळ तिसरं पडलं. मग ब्रिटनमध्ये फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात कॉमेटचं अख्खं धड पाण्याच्या टाकीत ठेवून त्यावर पुन्हा पुन्हा दाब देऊन पाहिलं, तेव्हा धातूला थकव्याने पडलेली चीर सापडली. एल्बानंतर ही टाकी आधी बांधली असती तर? हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

म्हणून ‘थांबवायचं का’ याच्या शेजारीच मी दुसरा प्रश्न ठेवतो: पुन्हा सोडायचं कशाच्या भरवशावर?

विमानं उभी राहिली की तिकिटं महागतात, हप्ते थांबत नाहीत, लोकांची कामं अडतात, हे मला मान्य आहे. मार्च 2019 मध्ये आपल्याकडेही प्रवाशांना त्याची झळ बसली.

आज मॅक्स पुन्हा उडतंय. 7 ऑगस्ट 2022 ला अकासा एअरचं पहिलं उड्डाण मुंबईहून अहमदाबादला गेलं ते याच विमानाने. तुमच्यापैकी कितीतरी जण त्यात बसले असतील. आता एमकॅस दोन्ही सेन्सर ताडून पाहतं, एका वेळी एकदाच दाबतं, आणि वैमानिकाचा जोर त्याला भारी पडू शकतो. वैमानिकांना सिम्युलेटरवर सराव करावा लागतो. लायन एअरने या सरावाबद्दल 2017 मध्येच विचारलं होतं, आणि बोइंगच्या माणसांनी त्यांना त्यापासून परावृत्त केलं होतं.

दुसऱ्या अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, 11 मार्चला, एफएएने जगाला कळवलं होतं की सॉफ्टवेअरची दुरुस्ती एप्रिलपर्यंत सक्तीची करू. प्रत्यक्षात विमान थांबवून नीट तपासल्यावर आणखी दोष निघाले. अमेरिकेने मॅक्सला पुन्हा परवानगी दिली ती 18 नोव्हेंबर 2020 ला, वीस महिन्यांनी.