औषधातली नवी इम्प्युरिटी आणि सॉफ्टवेअरचं ‘निगेटिव्ह’

नमस्कार. तुर्भे, रबाळे, महापे या पट्ट्यात फार्मा कंपनीच्या क्यूसीत किंवा आर अँड डीत काम करत असाल, तर हा प्रश्न कधी ना कधी टेबलावर येतोच: बॅचमध्ये नवी इम्प्युरिटी, म्हणजे औषधात नको असलेला रेणू, दिसली, ती डीएनएला इजा करते का? जिवाणूंवर डीएनएची इजा तपासणाऱ्या एम्स टेस्टला शुद्ध नमुना लागतो, आणि पुष्कळदा तेवढा हातात नसतो. म्हणून आयसीएच एम-७, म्हणजे अशा इम्प्युरिटींसाठीची आंतरराष्ट्रीय गाइडलाइन, सॉफ्टवेअरने रेणूच्या रचनेवरून अंदाज बांधू देते. त्यासाठी दोन पद्धती लागतात: एक तज्ज्ञांच्या नियमांवर चालणारी, दुसरी आकडेवारीवर.

पहिली गफलत इथेच होते. टॉक्सट्री आणि व्हेगा ही असा अंदाज देणारी सॉफ्टवेअर, दोन्ही मोफत. टॉक्सट्रीत बेनिग्नी-बोस्सा नियम (धोकादायक रचनांची तज्ज्ञांनी केलेली यादी) चालवले, व्हेगात आयएसएस मॉडेल चालवलं, दोन्हीकडे निगेटिव्ह आलं की माणूस निश्चिंत होतो. पण आयएसएस त्याच नियमांवर उभं आहे! एकाच साक्षीदाराची दोनदा साक्ष घेतल्यासारखं झालं हे. सरावासाठी दुसरं मॉडेल म्हणून व्हेगातलं केएनएन घ्या, ते सारख्या रेणूंच्या निकालांवरून अंदाज बांधतं.

आता स्क्रीनवर बघा, पॅरा-क्लोरोॲनिलिन हायड्रोक्लोराइड. स्माइल्स, म्हणजे रेणूची रचना अक्षरांत लिहिलेली ओळ, कॉपी केली की सोबत क्षारही येतो. ठिपक्याने वेगळा दाखवलेला क्लोराइड काढा आणि अमाइन न्यूट्रल करा. नायट्रोजनवर प्लस चार्ज राहिला तर तो ‘प्रायमरी ॲरोमॅटिक अमाइन’च्या साच्यात बसत नाही आणि अलर्ट, म्हणजे धोकादायक रचनेचा इशारा, सुटू शकतो. हा अलर्ट उगाच नाही. लिव्हरमधली एन्झाइम्स अशा अमाइनवर हायड्रॉक्सिल बसवतात, पुढे नायट्रेनियम आयन तयार होतो आणि तो डीएनएतल्या ग्वानीनला चिकटतो.

व्हेगाचा रिपोर्ट उघडलात की पहिल्या ओळीवर थांबू नका. खाली ॲप्लिकेबिलिटी डोमेनचा आकडा असतो, शून्य ते एक, म्हणजे या रेणूसाठी मॉडेलवर किती विसंबता येईल ते; आणि ट्रेनिंग सेटमधले, म्हणजे मॉडेल ज्या डेटावर शिकलं त्यातले, सहा जवळचे रेणू. ते सहाही डोळ्यांनी बघा. तुमच्या रेणूतला संशयास्पद गट त्यांतल्या एकातही नसेल, तर त्या निगेटिव्हला काडीचाही आधार नाही. बोरॉनिक ॲसिडचं असंच झालं. सुझुकी कपलिंग या रेणू जोडणाऱ्या रिॲक्शनमध्ये ती सर्रास वापरली जात होती, पण एम्स टेस्टमध्ये त्यांतली बरीच पॉझिटिव्ह येतात हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याआधीच्या डेटावर शिकलेल्या मॉडेलला हा धोका कळणार कुठून?

उलटंही होतं. काही ॲसिड क्लोराइड एम्समध्ये पॉझिटिव्ह दिसली, कारण ती सॉल्व्हंट म्हणून वापरलेल्या डीएमएसओशीच रिॲक्ट झाली आणि म्युटाजेन, म्हणजे डीएनएत बदल घडवणारा पदार्थ, तिथे तयार झालं. असा डेटा ट्रेनिंग सेटमध्ये शिरला की मॉडेलही तेच शिकतं. म्हणून त्या सहा शेजारी रेणूंची टेस्ट कोणत्या सॉल्व्हंटमध्ये झाली, तेही तपासा.

पॉझिटिव्ह आलं तर मर्यादा काढा: इम्प्युरिटीचे रोज चालणारे मायक्रोग्रॅम भागिले औषधाचा रोजचा डोस ग्रॅममध्ये, उत्तर पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग. आयुष्यभर घ्यायच्या औषधासाठी सर्वसाधारण मर्यादा रोज १.५ मायक्रोग्रॅम, डोस ५०० मिलिग्रॅम असेल तर ३ पीपीएम. पण पॅरा-क्लोरोॲनिलिनसाठी एम-७ च्या परिशिष्टात रोज ३४ मायक्रोग्रॅम दिलेत, म्हणजे ६८ पीपीएम. ३ पीपीएम मोजणारी मेथड बसवायला घेण्याआधी परिशिष्ट उघडून बघा. आणि रेणूत एन-नायट्रोसो गट दिसला, तर हा १.५ चा आकडा वापरूच नका. तो गट जास्त घातक मानला जातो, म्हणून ही मर्यादा त्याला लागू होत नाही.