खाल्लेलं जातं कुठे?

चिंपांझी माणसाच्या पाचपट ताकदवान असतो, असं तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेलच. ही गोष्ट १९२०च्या दशकातल्या अमेरिकेतली. तिथे प्राणिसंग्रहालयातल्या चिंपांझींना दोर ओढायला लावून जोर मोजला गेला आणि अचाट आकडे आले. पुढच्या प्रयोगांत ते आकडे काही टिकले नाहीत. ‘पाचपट’ मात्र लोकांच्या तोंडी बसलं ते बसलंच. आजचा हिशेब असा, की वजनाच्या मानाने चिंपांझी आपल्या साधारण दीडपट जोर लावतो.

हा दीडपटीचा फरक तरी कशामुळे? मेंदू मोठा झाला, त्याने खाल्लेलं ओढून घेतलं आणि म्हणून माणसाचं अंग दुबळं झालं, असं म्हणतात. ते कितपत खरं? २०१७ साली चिंपांझीच्या स्नायूंचे तंतू तपासले, तेव्हा त्यांतले जवळपास दोन तृतीयांश झटक्याने आकसणारे, पण लवकर दमणारे निघाले. आपल्या पायांत संथ आणि चिवट तंतू जास्त. साठीच्या आजी आळंदीहून पंढरपूरला चालत जातात, त्या या तंतूंच्या जिवावर. चिंपांझी दिवसाकाठी दोन-चार किलोमीटर हिंडतो, तेवढंच. म्हणजे आपली ताकद नुसती गेली नाही, तिची जातच बदलली.

आता मेंदूकडे वळू. त्याचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण आपण स्वस्थ बसलो असतानाही तो एकूण ऊर्जेतली वीसेक टक्के खातो. हा खर्च भागला कसा? १९९५ साली लेस्ली आयेलो आणि पीटर व्हीलर यांनी मांडलं, की आतडी आखूड झाली आणि तिथली बचत मेंदूकडे गेली. कल्पना मोठी देखणी, पण २०११मध्ये शंभर सस्तन प्राण्यांवर ती पडताळली तेव्हा तसा संबंध दिसला नाही. आणि २०१६मध्ये हर्मन पाँट्झर यांच्या गटाला आढळलं, की शरीराचा आकार जमेस धरूनही माणूस चिंपांझीपेक्षा दिवसाला सुमारे चारशे कॅलरी जास्त जाळतो. नुसती काटकसर करून मेंदू वाढला नाही, घरात मिळकतही वाढली होती.

खरी ओढाताण पाहायची तर लहान मुलात पाहा. ‘एवढं खातो, पण अंगाला लागत नाही,’ ही आयांची तक्रार काही खोटी नाही. चार-पाच वर्षांच्या मुलाचा मेंदू शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त ओढून घेतो आणि नेमकी त्याच सुमारास शरीराची वाढ सगळ्यांत मंद असते. २०१४ साली ख्रिस्तोफर कुझावा आणि सहकाऱ्यांनी हे दोन आलेख शेजारी शेजारी ठेवले. एक चढतो तेव्हा दुसरा उतरतो. आपलं बालपण इतकं लांबतं, ते बहुधा यामुळेच.

मोठेपणीही हे भांडण मिटत नाही. केंब्रिजमध्ये नौकानयन करणाऱ्या ६२ तरुणांना आधी शब्द आठवायला लावले, मग तीन मिनिटं जीव तोडून वल्ही मारायला लावली आणि शेवटी दोन्ही एकदम करायला सांगितलं. दोन्हीकडे घसरण झाली. आठवलेले शब्द ९.७ टक्क्यांनी घटले, वल्ह्याचा जोर १२.६ टक्क्यांनी. मेंदूने आपला वाटा आधी काढून घेतला. अर्थात, तीन मिनिटांच्या प्रयोगावर लाखो वर्षांचा इतिहास उभा करू नये, असं माझं मत.

कारण निअँडरथल, म्हणजे आपला नामशेष झालेला चुलतभाऊ, आडवा येतो. त्याचा मेंदू आपल्याएवढा, काहींचा तर मोठाच. आणि हाडं अशी जाड, की त्याच्याशी कुस्ती धरायला नको. डोकं मोठं म्हणून अंग दुबळं, हे सरळ गणित त्याच्यापाशी अडतं.

आपली हाडं हलकी झाली ती फार अलीकडे. अमेरिकेतल्या इलिनॉयमध्ये सुमारे सात हजार वर्षांपूर्वीच्या शिकाऱ्यांच्या खुब्याचं हाड, सातशे वर्षांपूर्वीच्या तिथल्याच शेतकऱ्यांपेक्षा ठळकपणे भरीव आहे. तेवढ्या काळात मेंदू काही वाढला नव्हता. कमी झाली होती ती रोजची पायपीट.