भोंग्यानंतरची पेठ

(दृश्य: पहाट. भुईकोट किल्ल्याचा तट, मागे सिद्धेश्वर तलाव.)

सोलापुरात एके काळी गजराचं घड्याळ विकत घ्यायची गरज नव्हती. कापड मिलचा भोंगा व्हायचा आणि अख्खी गल्ली उठायची.

१८७७ साली ‘जुनी मिल’ सुरू झाली. मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या मिल आल्या. पगार झाला की पैसा नवी पेठ, मधला मारुती, चाटी गल्ली असा बाजारातून फिरत यायचा. पोरांचे कपडे, बायकोला लुगडं, मागची उधारी. मिल बंद पडत गेल्या, तशी पेठेची कमाईही आटली. कामगारांना मिळायच्या राहिलेल्या पैशांवर वेगळी फिल्म करावी लागेल.

(दृश्य: इंद्रभुवन, संध्याकाळचं ऊन.)

आप्पासाहेब वारदांचा हा वाडा, पुढे महापालिकेचं कार्यालय झाला. २०१६ मध्ये केंद्राच्या ‘स्मार्ट सिटी’ योजनेच्या पहिल्या २० शहरांत सोलापूर आलं आणि पुढे या वास्तूचं जतन झालं. वरच्या कमानींवरचं नक्षीकाम बघा. आपण इतकी वर्षं इथं येऊन वर बघितलंच नव्हतं.

पण इमारत उजळली म्हणून दुकानात गिऱ्हाईक येतं का? गिऱ्हाईक कशानं येईल, ते बघायला यंत्रमागांच्या पूर्व भागात जाऊ.

(दृश्य: यंत्रमाग. आवाज पूर्ण. दहा सेकंद निवेदन नाही.)

इथं सोलापुरी चादर विणतात. मागाच्या डोक्यावर बसलंय ते जकार्ड, नक्षी विणायचं यंत्र. भोकं पाडलेले पुठ्ठे, दोऱ्यानं एकमेकांना बांधलेले, माळेसारखे फिरतात. कुठल्या ओळीला कुठला उभा धागा वर जायचा, ते या भोकांवर ठरतं. मग आडवा धागा पळतो, फणी ठोकते. एक पुठ्ठा चुकीचा लागला तर मोराची मान तुटते. चादर उलटी करा: नक्षी तीच, रंग मात्र अदलाबदल. कापड दुहेरी विणलेलं असतं म्हणून. या चादरीला भौगोलिक मानांकन (जीआय) आहे, म्हणजे ‘सोलापुरी’ हे नाव इथल्याच चादरीचं.

आणि हीच चादर पेठेत शोधायला गेलात तर शेजारी तशीच दिसणारी, परगावची, स्वस्त चादर ठेवलेली असते. आमचं म्हणणं एवढंच, की पेठ सुधारायची तर रुंद फुटपाथ आणि नवे दिवे याआधी तिथं एक माग चालू दिसावा, म्हणजे खरी चादर कशी होते ते गिऱ्हाइकाला कळेल. फेरीवाल्यांना कुठं बसवायचं, हाही प्रश्न आहेच.

(दृश्य: नवी पेठेतलं दुकान, रात्र.)

“मावशी, हात लावून बघा की. उलटी करा.”

मावशी उलटी करतात. दोन बोटांत कड चोळून बघतात.

“केवढ्याला?”