सावली कुठे गेली?

श्रोतेहो, नमस्कार. उन्हाळा लागला की मुलांचं लक्ष खिडकीबाहेर. मी म्हणतो, धडाच बाहेर न्या ना! आधी घटना, मग पुस्तक.

माझे एक शिक्षकमित्र आहेत. त्यांनी वाळू भरलेल्या बादलीत एक सरळ काठी रोवली, ती मैदानात ठेवली आणि पोरांना सांगितलं, रोज भर दुपारी सावलीच्या टोकाशी खडूनं खूण करा. बस्स, एवढंच. सावली उत्तरेकडे पडायची आणि दिवसागणिक आखडायची. सुटी लागली तरी जवळपास राहणारी पोरं येत राहिली. एके दिवशी सावली दिसेचना! काठीच्या बुडाशीच गडप. आणि पुढच्या आठवड्यात ती पडली दक्षिणेला. झालं, भांडण पेटलं. "तू बादली फिरवलीस!" "मी नाही, यानं!" शेवटी एकानं बादलीभोवती खडूचं वर्तुळ काढून पहारा दिला. बादली जागची हलली नाही. सावली मात्र दक्षिणेला सरकतच राहिली.

तेव्हा कुठे गुरुजींनी पृथ्वीचा गोल बाहेर काढला. साडेतेवीस अंशांचा कल, कर्कवृत्त, मकरवृत्त. या दोन वृत्तांच्या मधल्या गावांवर सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. आधी घटना, मग पुस्तक. हल्ली सुटीतल्या शिबिरांना तासागणिक वेळापत्रक असतं. भांडायला सवडच नाही. मला ती शिबिरं मुळीच आवडत नाहीत, पण ते असो.

करून बघणार असाल तर ध्यानात ठेवा, घड्याळातले बारा धरू नका. सावली सगळ्यात आखूड होते ती सूर्याची दुपार. पुन्हा सांगतो, घड्याळ नाही, सावली बघायची. आणि सूर्याकडे थेट पाहायचं नाही.

याच गुरुजींच्या वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का? उत्तर गमतीचं आहे. पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते जुलैच्या सुरुवातीला, सुमारे 15 कोटी 21 लाख किलोमीटरवर. जानेवारीत ती जवळ असते. म्हणजे उन्हाळ्याचं कारण पुन्हा पृथ्वीचा तो कलच.

वळवाचा गडगडाट झाला तर घरात बसूनच एक करा. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीननं भागा. ढग किती किलोमीटरवर आहे, ते मुलंच सांगतील. नमस्कार.