सोलापुरात काम कुठंय? घरात बघा

नमस्कार मंडळी. परवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात बसलो होतो. माझा धंदा हिशेबाचा, कुणाचं जीएसटी, कुणाचं पीएफचं चलन, असं चाललेलं असतं. तर मालक म्हणाले, माणूस मिळंना झालाय बघा, चोवीस मागातले दहा बंद ठेवलेत, ऑर्डर आहे पण चालवायला कोण नाही. मी बरं म्हटलं, कागद घेतले, बाहेर आलो तर दारात त्यांचा जॉबर, म्हणजे मागाची दुरुस्ती-देखरेख बघणारा, उभा, तेलकट हात पुसत. मला बाजूला घेऊन म्हणतो, साहेब, पुण्यात कुणी ओळखीचं आहे का, पोरगं डिप्लोमा होऊन वर्षभर घरात बसलंय, सोलापुरात काय कामच नाही. मी मागं शेडकडं बोट केलं, म्हटलं हे दहा माग? तो नुसता हसला. म्हणाला, आमी उभं राहिलो तेवढं बास झालं.

आता ह्यात खोटं कोण बोलतंय सांगा. कुणीच नाही. आज मला ह्याच विषयावर बोलायचंय, सोलापूर जिल्ह्यात काम आहे की नाही, आणि असलं तर ते नेमकं कुठंय. कारण रोजगार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर गेट येतं, पंचिंग मशीन येतं, डबा घेऊन निघालेला माणूस येतो. सोलापुरात अर्धं काम ह्या चित्रात बसतच नाही. ते घरात असतं, पलंगाखाली असतं, चुलीशेजारी बादलीत भिजत पडलेलं असतं.

बादली म्हणजे खरीच बादली. मी सोलापूरच्या पूर्व भागातला, आमच्या घरात तेलुगू बोलतात, अम्मा विड्या वळायची. रात्री तेंदूची पानं पाण्यात भिजवायची आणि ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, सकाळी आम्ही शाळेला निघायच्या आत ती कात्री घेऊन बसलेली असायची, पानावर पत्र्याचा फरमा ठेवायचा आणि त्याच्या कडेनं कापायचं, एक, दोन, तीन, बघता बघता ढीग. मग मांडीवर सूप, सुपात तंबाखू, चिमूट भरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा, तोंड नखानं दाबून आत मुडपायचं. पंचवीसचा एक कट्टा. हजार विड्यांवर मजुरी. विडी कंपनीच्या ब्रँचला माल नेला की चेकर बघणार आणि त्याला नको वाटतील त्या छाटून बाजूला टाकणार, त्याचे पैसे नाहीत. पानं कमी पडली तर पदरच्या पैशानं विकत आणायची, पण हजार पुरे झालेच पाहिजेत. अम्मा सांगते, तिच्या वेळी सोयरीक बघायला आले की पोरीचं शिक्षण नंतर, आधी विचारायचे, दिवसाला किती वळते.

आणि हे काम काही कायद्याच्या बाहेरचं नव्हतं बरं का. विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा १९६६ चा होता, २०२५ च्या नोव्हेंबरात तो नव्या कामगार संहितेत गेला, त्यात घरी बसून वळणारी बाईसुद्धा कामगार धरली होती, आणि १९७७ पासून त्यांना पीएफ लागू आहे. देशात घरबसल्या काम करणाऱ्या किती बायकांना पीएफ मिळतो, विचार करा. म्हणून आमच्याकडं विडीचं ओळखपत्र म्हणजे मोठी गोष्ट, ते रेशनकार्डासोबत ट्रंकेत. पोरांना स्कॉलरशिप मिळायची ती त्याच कार्डावर, माझी दहावीपर्यंतची वह्यापुस्तकं त्यातूनच आली. तो पैसा विड्यांवरच्या सेसमधून, म्हणजे कामगार कल्याणासाठीच्या जादा करातून, यायचा. २०१७ ला जीएसटी आला, विडीवर २८ टक्के बसला आणि तो सेस गेला. मी स्वतः जीएसटीवर पोट भरतो त्यामुळं त्याला शिव्या देणं मला शोभत नाही, पण आमच्या गल्लीत त्यानंतर काम कमी झालं हे मी डोळ्यानं बघितलंय. सहा दिवस माल मिळायचा तिथं शेजारची अक्का आता सांगते, तीन दिवस, कधी चार. विडी ओढणारेही कमी होत चाललेत, आणि ते चांगलंच आहे ना, कॅन्सरचं दुकान कमी होतंय त्याचं कुणाला वाईट वाटणार. पण वळणाऱ्या बाईला कुणी विचारलं नाही की तू आता काय करणार.

आता मागाकडं या. सोलापूर गिरण्यांचं गाव, जुनी मिल १८७७ ची, मग नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू. भोंग्यावर गाव उठायचं. माझे मामा लक्ष्मी-विष्णूत होते, बोनस, ईएसआय, पाळी संपली की सायकलीवर टांग मारून घरी, असं त्यांचं सगळं. नव्वदच्या दशकात ती बंद पडली. तेव्हापासून मी लोकांना म्हणताना ऐकतो की सोलापूर संपलं. पण मला विचाराल तर काम संपलं नाही, काम फुटलं. गिरणीत एका छताखाली होतं ते गल्लीगल्लीत, चार मागाच्या आठ मागाच्या शेडात गेलं, खाली माग वर बिऱ्हाड. आणि तिथं एक गंमत आहे जी आम्हा हिशेबवाल्यांना बरोबर माहीत असते. पीएफ लागू व्हायला वीस माणसं लागतात. मग एका शेडात तीन बोर्ड दिसतात, एक मालकाच्या नावानं, एक बायकोच्या, एक भावाच्या, प्रत्येकाकडं पंधरा-सोळा माणूस. वीज मीटर वेगळं, बिलबुक वेगळं, मधे भिंतसुद्धा नसते कधीकधी. मी असली कामं करत नाही असं म्हणणार होतो, पण रेडिओवर खोटं कशाला बोला, सुरवातीच्या दिवसांत केलीत.

टॉवेल कसा होतो माहितीय का तुम्हाला? साध्या कापडाला ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एक बीम असतं, टेरी टॉवेलला दोन. एक घट्ट ताणलेलं, एक ढिलं सोडलेलं. दोन-तीन धागे आडवे पडले की फणी जोरात ठोकते आणि त्या ढिल्या ताण्याचे बारीक फास वर उभे राहतात, तेच आपलं अंग पुसतात. हे ढिलं किती सोडायचं ह्याच्यातच सगळी अक्कल आहे, जास्त झालं तर टॉवेल लोंबतो, कमी झालं तर पाणीच ओढत नाही. बाबा दोन माग सांभाळायचे, आवाजावरून सांगायचे कुठला धागा तुटला. आणि एवढी अक्कल असलेल्या माणसाला पैसे कसले, तर नगावर. लाईट गेली, पैसे गेले. बीम संपलं, दुसरं चढेपर्यंत पैसे नाहीत. शनिवारी बटवडा, रविवारी उधारी फेडायची, सोमवारी परत उधारी. मे महिन्यात पत्र्याच्या शेडात सोलापूरचं ऊन, वर कापसाची धूळ, रात्री कानात तो खडखडाट झोपेतसुद्धा चालू. त्यामुळं मालक लोक जेव्हा म्हणतात माणूस मिळत नाही तेव्हा मला वाक्य पुरं करावंसं वाटतं, ह्या पैशात ह्या गरमीत मिळत नाही. मालकाचीही बाजू आहे, पानिपतचा स्वस्त माल सोलापुरी चादर म्हणून खपतो, जीआय टॅग असून खपतो, सुताचे भाव आज एक उद्या एक, तो तरी कुठनं वाढवणार. पण मग पोरगं पुण्याला गेलं तर त्याला आळशी म्हणू नका एवढंच.

आणि शेडात राहणं, त्याचंही बोललं पाहिजे. २०२५ च्या मे मध्ये ह्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटे आग लागली, आठ माणसं गेली. मालक गेले, त्यांच्या घरातले गेले, बारकं लेकरू होतं त्यात, कामगार आणि त्याच्या घरचे. मालक न् कामगार दोघंही कारखान्यातच राहत होते. बाहेरगावच्या माणसाला प्रश्न पडतो, कारखान्यात कोण राहतं? आमच्याकडं कुणाला पडत नाही. सूत, टॉवेल, लाईटचं बोर्ड आणि गाद्या एकाच छताखाली, हे आम्हाला वर्षानुवर्षं नॉर्मल वाटत आलंय. त्यानंतर मी ज्यांच्याकडं जातो तिथं दुसरा दरवाजा आहे का बघायला लागलो, चार ठिकाणी नाहीच.

आता ह्याच्या बरोब्बर उलटी गोष्ट. कुंभारीला विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावानं, २००६ मध्ये मनमोहन सिंग आले होते चाव्या द्यायला. मग त्याच भागात रे नगर, तीस हजार घरं, असंघटित कामगारांची. त्यातली पंधरा हजार १९ जानेवारी २०२४ ला पंतप्रधान मोदींनी दिली. ह्यामागं माकपचे माजी आमदार नरसय्या आडम, आपले आडम मास्तर, त्यांची वर्षानुवर्षांची खटपट आहे, पार्टी कुठलीही असो, मानलं पाहिजे, कारण झोपडपट्टीत दहा बाय दहाच्या खोलीत पानं भिजवणाऱ्या बाईला स्वतःच्या नावाचं घर म्हणजे काय ते मला सांगायला नको. पण मंडळी, घर शहरापासून दहाएक किलोमीटर लांब गेलं आणि काम राहिलं शहरात. ज्या कामाची सगळी गंमतच ही होती की ते घरात होतं! आता ब्रँचला माल न्यायचा म्हणजे रिक्षा, बस, अर्धा दिवस. माझ्या ओळखीची एक मावशी नवं घर लावून कुलूप घालून परत जुन्या वस्तीत भाड्यानं राहते. तिला म्हटलं मावशी वेड लागलं का, तर म्हणाली, घर तिकडं हाय रे, पोट इकडं हाय.

ह्याच बायकांच्या पोरी आता शिलाईवर चालल्यात. शाळेचे युनिफॉर्म शिवण्याचं काम सोलापुरात गेल्या काही वर्षांत बरंच वाढलंय, कट करून गठ्ठे घरी देतात, कॉलर एकीकडं, काज-बटण दुसरीकडं, जूनच्या आधी रात्ररात्र मशीन चालतं आणि दिवाळीनंतर शांत. विडीपेक्षा बरं, छातीत तंबाखू जात नाही. पण विडीच्या कार्डासारखं कार्ड ह्याला नाही, पीएफ नाही. म्हणजे आईला घरबसल्या पीएफ होता आणि लेक बारावी शिकून घरबसल्या बिनपीएफची. ह्याला प्रगती म्हणायचं का काय ते तुम्ही ठरवा, मला नाही ठरवता येत. ज्यांनी भाकरीचा धंदा काढला त्या जरा बऱ्या आहेत, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी पुण्यामुंबईला जाते, तिथं निदान भाव स्वतः लावता येतो.

शहर सोडून जिल्हा म्हणाल तर तो वेगळाच. उजनीचं पाणी आलं आणि ऊस आला, तीसच्या वर साखर कारखाने झाले, पण ते हंगामाचं, आणि तोडणीला टोळ्या बाहेरून येतात. सांगोल्याकडं डाळिंब. एनटीपीसी आहे, १३२० मेगावॅट, पण वीजकेंद्राला जमीन लागते ढीगभर, माणूस लागतो थोडा. गाड्यांचे कॅमशाफ्ट बनतात इथं, केमिकल आहे, चिंचोळीला एमआयडीसी आहे, तिथं आयटीआयवाला पोरगा लागतो आणि पगार खात्यात येतो, त्यामुळं तिथं जागा निघाली की आमच्या जॉबरसारख्यांचे फोन सुरू होतात. विमानाचं म्हणाल तर विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली, किती वर्षं भांडण चाललं होतं त्यावर, आणि २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं. आता विमान आलं की आयटी येणार म्हणतात. येऊ दे, आपण कशाला नाही म्हणा. पण तोवर खरं विमानतळ म्हणजे आपलं रेल्वे स्टेशन. सोमवारी सकाळी साडेसहाच्या हुतात्मा एक्सप्रेसला जाऊन बघा, पाठीवर लॅपटॉप, हातात आईनं दिलेली चटणीची पिशवी, अर्धी सोलापूरची पोरं त्या गाडीत. तिकडं पुण्यात हिंजवडीत खोली करून चौघं राहतात. मागावर माणूस का मिळत नाही त्याचं उत्तर त्या प्लॅटफॉर्मवर उभं असतं.

मला कुणी विचारलं काय करा, तर मी मोठं काही सांगणार नाही. रे नगर ते एमआयडीसी पाळीच्या टायमाला बस सोडा, बाया येतील कारखान्यात, मागावर नाही तर पॅकिंगला तरी. शेडाला दुसरा दरवाजा सक्तीचा करा. आणि युनिफॉर्म शिवणाऱ्या बाईला विडीवालीसारखं कार्ड द्या, कायदा १९६६ ला सुचला होता तर आता का सुचू नये.

बरं, वेळ होत आलीय, एक सांगतो आणि उठतो. अम्माला आता पेन्शन आहे, महिन्याला हजार, पीएफवालं. त्यासाठी दरवर्षी जिवंत असल्याचा दाखला द्यायचा, नोव्हेंबरात मी तिला एका सेंटरवर घेऊन गेलो. मशीनवर अंगठा ठेवला, मॅच होईना. परत ठेवला, होईना. चाळीस वर्षं पानावरून अंगठा घासलेला, रेषाच गेल्यात. तो पोरगा चांगला होता बिचारा, म्हणाला आजी हात धुवा, धुतला, पावडर लावली, तर्जनी झाली, मधलं बोट झालं, मागं लाईन वाढायला लागली. शेवटी डाव्या हाताची करंगळी ठेवली आणि टुक करून हिरवा लाईट. मी म्हटलं अम्मा, हे कसं काय गं लागलं? ती पदरानं हात पुसत म्हणाली, त्या बोटाला कामच नव्हतं रे.