एकचा गजर

(दृश्य: पर्वतीच्या पायथ्याची वस्ती. नळावर हंडे.)

सकाळचे साडेआठ. पुण्यात पर्वतीच्या पायथ्याशी पाणी भरता भरताच पोरांच्या आंघोळी उरकतात. लाल रिबिनीवाली ही मुलगी चार वर्षांची. तिची अंगणवाडी नऊला, आईचं पहिलं काम साडेनऊला.

(दृश्य: उंबऱ्याबाहेर चपला. वजनकाटा. खिचडीचा डबा.)

खोली एवढीशी, पण बघा किती मांडलंय तिच्यात. ताई बडबडगीत घेतायत, मदतनीस नाकं पुसतायत. काट्यावर बसलेला हा गडी काही केल्या स्थिर होत नाही. बचत गटाकडून आज मुगाची खिचडी आली आहे. लाल रिबिनीने दुसऱ्यांदा ताटली पुढे केली.

(दृश्य: साबणाचे हात. ओट्यावर मोबाइल, बारा चाळीस.)

दुसऱ्या घरची भांडी अजून निम्मी बाकी आहेत. एकला अंगणवाडी सुटते, म्हणून हा गजर. याच सोसायटीत दुपारी एक ते चार पोळ्या आणि केर-फरशीचं काम चालून आलं होतं. तिने नाही म्हणून सांगितलं.

(दृश्य: कोसबाडची टेकडी, झाडांखालची वाट.)

आईबापांच्या कामाची वेळ आणि मुलांच्या शाळेची वेळ जुळवायची कशी, हे आपल्याकडे फार पूर्वी कुणीतरी बघितलं होतं. १९४५ साली बालशिक्षणात काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. गरिबाघरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या वस्तीत घेऊन गेल्या आणि अंगणात भरवली. अंगणवाडी हा शब्द तिथला. १९५७ मध्ये काम जवळच्या कोसबाडला, आदिवासी पाड्यांच्या शेजारी आलं. आईबाप कामावर, आणि धाकट्याला कडेवर घेऊन थोरली बहीण घरी. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. ती विकासवाडी. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळा, थेट कुरणात. घरची कामं आधी बघितली, शाळा त्यावरून बेतली.

(दृश्य: अंगणवाड्यांच्या पाट्या, एकामागून एक.)

२ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळालं आणि बोर्डीचा शब्द देशभर गेला. आज अंगणवाड्या जवळपास १४ लाख. वेळ बहुतेक ठिकाणी अर्ध्या दिवसाचीच. केंद्र सरकारच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडता येतं, रोज साडेसात तास. उद्दिष्ट १७ हजारांचं. १४ लाखांतल्या १७ हजारांचं! आणि वेळ वाढवायची तर सेविका-मदतनिसांचं मानधनही वाढायलाच हवं.

कॅनडाच्या क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये पाच वर्षांच्या मुलांची बालवाडी पूर्ण दिवसाची केली, लहानांसाठी दिवसाला पाच डॉलरांत पाळणाघरं दिली. नोकरी करणाऱ्या आयांचं प्रमाण तिथे वाढलं.

(दृश्य: एक वाजून पाच मिनिटं. अंगणवाडीच्या दाराला कुलूप.)

आई पोचली. पदराला हात पुसत तिने मुलीचं बोट धरलं. आज तिसऱ्या घरी पाहुणे आहेत, एक दिवस तरी ये म्हणाल्यात. मुलगी बरोबरच निघाली.

(दृश्य: सोसायटीचा जिना. पायरीवर मुलगी, पाटी, पेन्सिल. आतून भांड्यांचा आवाज. इथून पुढे निवेदन नाही, आवाज तसाच ठेवावा.)